सहा दिवसांचा हिशेब : सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयाची वाटचाल

आफ्रिकेहून आलेले विमान मुंबईला उतरते. लांबलचक मार्गिकेतून प्रवासी इमिग्रेशनकडे चालू लागतात. त्या रांगांच्या अलीकडे एक काउंटर लागते. इथला डॉक्टर व्हिसा विचारत नाही, सामानही उघडायला सांगत नाही. तो एक पिवळी पुस्तिका मागतो आणि तीत पीतज्वराची लस कोणत्या तारखेला घेतली ते पाहतो. लस घेऊन 10 दिवस उलटले असतील तर प्रवासी पुढे जातो. पुस्तिका नसेल, किंवा लस परवाच टोचलेली असेल, तर मात्र हिशेब मांडावा लागतो. पीतज्वराच्या प्रदेशातून माणूस निघाला त्या दिवसापासून सहा दिवस मोजायचे आणि त्यांतले जितके उरले असतील तितके दिवस त्याने विलगीकरणात काढायचे. विषाणूची बाधा झालीच असेल तर ती सहा दिवसांत ताप होऊन बाहेर येते.

मुंबईच्या सहार येथील आंतरराष्ट्रीय विमानतळावरील आरोग्य कार्यालयाचा इतिहास सांगायचा तर तो या सहा दिवसांपासूनच सांगावा लागतो. सरकारी कागदांवर त्याचे नाव ‘विमानतळ आरोग्य संघटना’ असे आहे. विमानतळावर काम करणारे लोक त्याला ‘एपीएचओ’ म्हणतात. बहुसंख्य प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.

पीतज्वराची भारतात आजवर एकदाही लागण झालेली नाही. हा रोग पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र आपल्याकडे घरोघर आहे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या मुख्यतः त्यानेच पसरवले. पीतज्वराच्या विषाणूशी कधी गाठच न पडल्याने इथल्या माणसांत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. रोगावर नेमके औषध नाही. लस तेवढी आहे, आणि ती चांगली आहे. मॅक्स थायलर यांनी 1930च्या दशकात सिद्ध केलेल्या ‘17डी’ या वाणापासून ती बनते. याच कामासाठी त्यांना 1951चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे कोरडे गवत इथे तयार पडले आहे, ठिणगी तेवढी बाहेरून यायची आहे. ती आलेली नाही. या कार्यालयाच्या कामगिरीतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणून जे घडलेच नाही त्याचीच नोंद करावी लागते. अशा कामगिरीचे छायाचित्र स्मरणिकेत छापता येत नाही.

या कामाचे मूळ विमानात नाही, बंदरात आहे. 1896च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता मुंबई जगाच्या नजरेत संशयित शहर ठरली. इथून सुटणाऱ्या जहाजांवर परदेशी बंदरांनी निर्बंध घातले आणि 1897मध्ये हजयात्रेकरूंची जहाजेही थांबली. त्याच वर्षीच्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवून प्रथम स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. फलाटावर उतरवून, सगळ्यांसमोर काखा-जांघा चाचपून केलेली ती तपासणी लोकांच्या मनात कायमची घर करून बसली. स्त्रियांना तर ती अपमानाहून वेगळी वाटली नाही. प्रवाशाची तपासणी करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे प्रकरण नीट वाचावे असे आहे. तपासणीचे भय वाटू लागले की माणूस आजार लपवतो, आणि आजार लपला की तपासणीला अर्थ उरत नाही. मुंबईने हे फार मोठी किंमत मोजून पाहिले.

जहाजांच्या काळात आरोग्य अधिकाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट होती, ती म्हणजे वेळ. लांबचा प्रवास दोन-तीन आठवड्यांचा असे. कोणाच्या अंगात रोग असलाच तर तो बहुधा भर समुद्रातच उघड होई. जहाज बंदराबाहेर पिवळे निशाण लावून थांबे, डॉक्टर बोटीने तिथे जाई आणि मग परवानगी देई. विमानाने ही वेळच काढून घेतली. रोगाचा अधिशयन काळ, म्हणजे जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, पूर्वी होता तेवढाच राहिला. प्रवास मात्र दिवसांवरून तासांवर आला. बाधित माणूस आता ठणठणीत दिसत असतानाच उतरू लागला. गेल्या नव्वद वर्षांत या खात्याने जे काही केले, ते या एका फरकाला दिलेले उत्तर आहे.

जुहूचे विमानतळ 1928चे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तिथेच उतरले. पुढच्याच वर्षी, 1933च्या एप्रिलमध्ये, हेग येथे हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय स्वच्छता करार झाला आणि 1935मध्ये तो अमलात आला. त्यामागे जी भीती होती तिचे नाव पीतज्वर. आफ्रिकेतला डास विमानाच्या पोटात बसून आशियात पोचला तर काय, हा प्रश्न त्या काळच्या डॉक्टरांना छळत होता. भारताचे हवाई दार तेव्हा कराची हे होते, त्यामुळे सुरुवातीची पहारेदारी तिथे झाली. विमान कायदा 1934चा. विमानांमुळे रोग पसरू नये यासाठी नियम करण्याचा अधिकार सरकारला याच कायद्याने मिळाला.

मुंबईची पाळी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. युद्धकाळात सांताक्रूझला लष्करी विमानतळ उभा राहिला होता. शांतता झाल्यावर तो नागरी वाहतुकीला मिळाला आणि जुहू मागे पडले. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान 35 प्रवासी घेऊन कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. 1950च्या जानेवारीत एडनमार्गे नैरोबीची सेवा सुरू झाली. गुजराती व्यापारी, गोव्याचे कारकून, कोकणातले कारागीर असे कितीतरी लोक पूर्व आफ्रिकेत आधीपासून होते. जहाजाने लागणारे दिवस आता वाचले. आरोग्य खात्यासाठी मात्र पीतज्वराचा प्रदेश आता काही तासांवर आला होता.

त्याच महिन्यात राज्यघटना अमलात आली. तिच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यांकडे आहे. बंदरांवरचे विलगीकरण आणि त्याला जोडलेली रुग्णालये मात्र केंद्राच्या यादीत, 28व्या क्रमांकावर आहेत. म्हणून सहारच्या कार्यालयावर दिल्लीच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचा अंमल चालतो. विमानतळाच्या कुंपणाबाहेर महापालिका आणि राज्य शासन यांची हद्द सुरू होते. प्रवासी एका दारातून बाहेर पडतो आणि दोन सरकारे ओलांडतो. त्याच्याबद्दलची माहितीही तितक्याच वेगाने कुंपण ओलांडते का, यावर या कामाचे बरेचसे यश ठरते. पुढे कोरोनाच्या काळात हे लख्ख दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेने 1951मध्ये आंतरराष्ट्रीय स्वच्छता नियम मंजूर केले. प्लेग, पटकी, पीतज्वर, देवी, टायफस आणि पुनरावर्ती ज्वर असे सहा रोग त्यांत होते. त्यांना धरून भारतात 1954मध्ये विमानविषयक सार्वजनिक आरोग्य नियम आले आणि मुंबईच्या कार्यालयाचे दैनंदिन काम दीर्घकाळ या नियमांवर चालले. विमानात कोणी आजारी असेल तर कप्तानाने उतरण्याआधी कळवायचे, विमानाच्या कागदपत्रांतले आरोग्याचे कलम खरे भरायचे, संशयित प्रवाशाला थांबवण्याचा अधिकार आरोग्य अधिकाऱ्याला राहील, अशी त्यांची रचना आहे.

त्या काळात परदेशी निघालेल्या माणसाच्या खिशात पासपोर्टइतकेच महत्त्वाचे कागद असत ते देवीच्या आणि पटकीच्या लसीचे. देवीचा दाखला तीन वर्षे चाले, पटकीचा सहा महिने. इंग्लंडला शिकायला जाणारा विद्यार्थी, आखातात नोकरीला निघालेला फिटर, मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील, सगळ्यांना दंड पुढे करावा लागे. यात अतिरेक काहीच नव्हता. 1959च्या अखेरीस भारतातून विमानाने परतलेला एक चित्रकार मॉस्कोत देवीने दगावला. रोग ओळखू येईपर्यंत तो इतरांना लागला होता आणि पुढच्या काही दिवसांत त्या शहरातल्या लक्षावधी लोकांना लस टोचावी लागली. एक विमान, एक प्रवासी आणि सगळे शहर रांगेत उभे. विमानतळावरचा कागद जगाला का हवा होता, ते या घटनेवरून कळते.

पटकीच्या दाखल्याची सक्ती 1973मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नियमांतून काढली, कारण तेव्हाच्या लसीने रोगाचा प्रसार थांबत नव्हता. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975मध्ये सापडला आणि 1980च्या मे महिन्यात हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय वाहतूक सांताक्रूझहून सहारच्या नव्या इमारतीत आली ती याच सुमारास. नव्या जागेत आलेल्या आरोग्य कार्यालयासाठी जुन्या दाखल्यांपैकी पीतज्वराचा तेवढा उरला. आता त्याची मुदतही बदलली आहे. पूर्वी 10 वर्षांनी लस पुन्हा घ्यावी लागे. जुलै 2016पासून एकदा घेतलेली लस जन्मभरासाठी ग्राह्य धरतात. हे ठाऊक नसल्याने जुनी पुस्तिका फेकून देणारे लोक आजही भेटतात.

दाखले तपासणे हे झाले काउंटरवरचे काम. कार्यालयाचा मोठा भाग प्रवाशांना कधी दिसतच नाही. तो डब्यांत, टाक्यांत आणि पत्र्यांवर साचलेल्या पाण्यात डोकावत फिरत असतो. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार प्रवासी आणि विमाने जिथे वावरतात त्या इमारतींपासून किमान 400 मीटरपर्यंत रोगवाहक डासांवर नियंत्रण ठेवावे लागते. कागदावर ही रेघ साधी दिसते. सहारला ती ओढणे कठीण आहे. धावपट्टीखालून मिठी नदी जाते, कुंपणाला लागून दाट वस्ती आहे, पाणी ठरावीक वेळी येते म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवलेली असतात, आणि एडिसला अंडी घालायला असेच स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. पावसाळ्यात तर टायर, नारळाची करवंटी, निळ्या ताडपत्रीची घडी, काहीही पुरते. या पट्ट्यातली पाहणी वर्षभर चालते. अळ्या किती घरांत आणि किती भांड्यांत सापडल्या याचे निर्देशांक काढतात. आफ्रिकेतून एखादा बाधित प्रवासी नजरेतून सुटलाच तर त्याला चावायला विमानतळाच्या आसपास एडिस नसावा, हा त्यामागचा विचार. दुसरी फळी म्हणजे विमानातली फवारणी. पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या विमानाच्या केबिनमध्ये कीटकनाशक फवारतात आणि रिकामे डबे पुरावा म्हणून दाखवावे लागतात. काही प्रवासी नाक मुरडतात. ही फवारणी कशासाठी आहे हे त्यांना कोणी दोन वाक्यांत सांगितले तर तक्रार उरत नाही, असा अनुभव सांगितला जातो.

विमानात चढणारे अन्न जिथे शिजते ती स्वयंपाकघरे, पिण्याचे पाणी, विमानतळावरची स्वच्छतागृहे हेही याच कार्यालयाच्या नजरेखाली येते. शेकडो प्रवाशांना एकाच भटारखान्यातले जेवण दिले जाते आणि वैमानिकही तेच खाऊन उडतात. त्यामुळे भात किती अंशांवर गार केला हा प्रश्न इथे लहान राहत नाही.

आणखी एक काम आहे. ते फार शांतपणे चालते. आखातात मजुरीला गेलेली रत्नागिरीची, रायगडची, मराठवाड्यातली माणसे कधी शवपेटीतून परततात. मृत्यूचा दाखला, शव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचा दाखला, पेटी मोहोरबंद असल्याचा दाखला, भारतीय दूतावासाचे पत्र हे कागद तपासल्याशिवाय पेटी बाहेर जात नाही. पीतज्वर, प्लेग, अँथ्रॅक्स यांसारख्या रोगांनी मृत्यू झालेला असेल तर नियम अधिक कडक आहेत. बाहेर रात्रभर बसलेल्या नातेवाइकांना पुढे सात-आठ तासांचा रस्ता गाठायचा असतो. अशा वेळी कागद लवकर हातावेगळा करणे यालाही आरोग्यसेवाच म्हटले पाहिजे. या कार्यालयाच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी.

सहार रस्त्याजवळच्या लसीकरण केंद्रात वेगळेच वातावरण असते. मुंबईत पीतज्वराची लस टोचून अधिकृत दाखला देणारी ठिकाणे मोजकीच. विमानतळाचे, बंदराचे आणि जे. जे. रुग्णालयाशी जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले ही त्यांतली जुनी केंद्रे. लसीची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून दिवस ठरवून लोकांना बोलावतात. केनियाच्या जंगल सफारीला निघालेले पुण्याचे निवृत्त दांपत्य, लागोसला निघालेला मेकॅनिक, ब्राझीलच्या बंदरात जहाजावर चढणारा खलाशी, सुदानच्या शांतिसेनेत निघालेला अधिकारी असे लोक एकाच बाकावर बसतात. डॉक्टर लस टोचण्याआधी वय विचारतात, अंड्याची ॲलर्जी विचारतात, कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे कोणते उपचार चालू आहेत का ते विचारतात. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. साठीपुढच्या माणसाला प्रथमच द्यायची तर प्रवासाची खरी गरज पाहतात. एवढे सगळे विचारायचे तर वेळ लागतो. सर्वांत मोठी चूक इथेच होते: लोक तिकीट काढतात, हॉटेल ठरवतात आणि निघण्याच्या चार दिवस आधी लसीसाठी येतात. दाखला तर 10व्या दिवसापासून लागू होतो.

लसीच्या निमित्ताने इथे सांगितला जाणारा सल्ला प्रत्येक विमान प्रवाशाच्या उपयोगाचा आहे. उंचावर उडणाऱ्या विमानातला हवेचा दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवा. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, दम्याच्या किंवा तीव्र रक्तक्षयाच्या रुग्णाला जाणवते. केबिनमधली हवा कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहावे आणि मद्य टाळावे. चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी इन्शुलिन हातसामानातच ठेवावे. सामानकक्षात ते गोठू शकते, आणि बॅग दुसऱ्याच शहराला गेली तर माणूस औषधाविना राहतो. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात स्कूबा करून आलेल्यांनी 24 तास विमानात बसू नये. विमान खाली येताना बाळाला दूध पाजावे, गिळण्याने कानांतला दाब मोकळा होतो.

आखातात निघालेल्यांसाठी एक सूचना खास महत्त्वाची आहे. आपल्याकडे खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहून देतात. संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत ही नियंत्रित औषधे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक ती परवानगी नसेल तर थेट तुरुंगाचा प्रसंग येऊ शकतो. आफ्रिकेहून परतलेल्यांसाठी दुसरी सूचना: परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर घरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात प्रवासाची हकीकत सांगावी. गावातला डॉक्टर साधा ताप समजून गोळी देतो आणि फाल्सिपेरम मलेरिया दोन दिवसांत मेंदूपर्यंत पोचलेला असतो. हे एक वाक्य जीव वाचवते. यात्रेकरूंचे नियम निराळे आहेत. हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस सक्तीची आहे. पाकिस्तान, अफगाणिस्तानसारख्या देशांत जाणाऱ्यांना आणि तिथून येणाऱ्यांना भारत 2014पासून पोलिओचा डोस घ्यायला सांगतो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त ठरला होता, आणि मिळवलेले राखायचे होते.

1994च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि शंभर वर्षांपूर्वीची मुंबई पुन्हा आठवली. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले. त्यांतले कित्येक मुंबईत उतरले. बाजारातून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. आखाती देशांनी भारताची विमाने थांबवली, युरोपातल्या विमानतळांवर भारतातून आलेल्यांना बाजूला काढून तपासू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत शेवटी 876 संशयित रुग्ण आणि 54 मृत्यू असा आकडा राहिला. पर्यटनाचे आणि व्यापाराचे नुकसान मात्र त्याच्या कितीतरी पट झाले. आजवर बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून उभे असलेले कार्यालय त्या महिन्यांत उलट्या दिशेने तोंड करून उभे राहिले. देशातला रोग बाहेर जात नाही, हे जगाला पटवायचे होते. जुन्या नियमांचा दोषही तेव्हा उघडा पडला: रोग जाहीर करणाऱ्या देशाला शिक्षा होते, तर जाहीर करील कोण? 2005चे नवे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 2007च्या जूनपासून लागू झाले. ते ठरावीक रोगांच्या यादीला बांधलेले नाहीत, आणि अनावश्यक निर्बंधांना आळा घालण्याचा प्रयत्न त्यांत आहे. त्यामागच्या अनुभवांत सुरतही आहे.

नवे नियम येण्याआधी सार्स येऊन गेला. एप्रिल 2003मध्ये भारतातला पहिला संभाव्य रुग्ण म्हणून ज्याची नोंद झाली तो गोव्याचा सागरी अभियंता होता. हाँगकाँग-सिंगापूरचा प्रवास करून तो मुंबईमार्गे घरी गेला होता. देशात एकूण तीन संभाव्य रुग्ण नोंदले गेले, मृत्यू एकही झाला नाही. 2009मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा विमानतळावर मुखपट्टी बांधलेले डॉक्टर, प्रवाशांनी भरायचे तक्ते आणि उष्णता टिपणारे कॅमेरे दिसू लागले. ताप असलेल्यांना आर्थर रोडच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवत. पण 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला तो परदेशी न गेलेल्या शाळकरी मुलीचा. रोग केव्हाच विमानतळ ओलांडून शाळांमध्ये गेला होता.

इथे थोडे थांबून यंत्राबद्दल बोलले पाहिजे. थर्मल कॅमेरा त्वचेची उष्णता मोजतो. अंगात विषाणू आहे पण ताप अजून यायचा आहे, तो माणूस कॅमेऱ्याला निरोगी दिसतो. तापाची गोळी घेऊन उतरलेलाही तसाच. लांब प्रवास, लोकरी टोपी, धावत आलेला माणूस यांनी आकडे उलटेही फिरतात. कॅमेरा वाईट आहे असे नव्हे. त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही इतकेच. प्रवाशाने खरे सांगितलेले एक वाक्य त्याच्याहून मोलाचे असते, आणि ते मिळवायला आदराने विचारावे लागते.

2014च्या इबोलाच्या वेळी हे ओळखूनच काम झाले. ऑगस्टच्या अखेरीस लायबेरियातून शंभराहून अधिक भारतीय वेगवेगळ्या विमानांनी मुंबईला परतले. त्यांची तपासणी बाकीच्या प्रवाशांपासून वेगळी करून झाली, पत्ते आणि फोन नंबर घेतले गेले, आणि 21 दिवस त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करण्यासाठी ते तपशील राज्यांकडे गेले. इबोलाचा अधिशयन काळ 21 दिवसांपर्यंत असू शकतो. विमानतळावरचा हिशेब आता गावागावांतल्या आरोग्य सेवकाने पुरा करायचा होता. मुंबईत इबोला आला नाही.

मग 2020. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. 30 जानेवारीला केरळात कोरोनाचा देशातला पहिला रुग्ण सापडला. यादीतले देश वाढत गेले आणि 4 मार्चपासून सर्वच आंतरराष्ट्रीय प्रवाशांना तपासणी लागू झाली. पण पुण्याचे एक दांपत्य सहलीहून परतताना 1 मार्चलाच दुबईहून मुंबईला उतरून टॅक्सीने घरी गेले होते. दुबईचे नाव तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. 9 मार्चला ते महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ठरले, आणि टॅक्सीचालकही बाधित निघाला. दोष त्या दांपत्याचा नव्हता आणि काउंटरवरच्या डॉक्टरचाही नव्हता. देशांच्या याद्या नेहमी कालच्या बातमीवर बनतात, विमाने मात्र आज उतरत असतात.

त्या पंधरवड्यात सहारला जे काम झाले त्याला तोड नाही. रात्री एकामागून एक विमाने उतरत, एकेका विमानात अडीचशे-तीनशे लोक, आणि प्रत्येकाशी बोलायचे. विमानतळाचे डॉक्टर कमी पडले तेव्हा महापालिकेचे आणि राज्याचे डॉक्टर आत आले. प्रवाशांचे तीन गट केले गेले: लक्षणे असलेले, लक्षणे नसलेले पण वृद्ध किंवा जुन्या आजाराचे, आणि बाकीचे. पहिले दोन गट थेट रुग्णालयात किंवा विलगीकरणात गेले. मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय यासाठी उघडण्यात आले. तिसऱ्या गटाच्या डाव्या हाताच्या पाठीवर मतदानाच्या शाईने शिक्का मारून त्यांना 14 दिवस घरी राहायला सांगितले. शिक्का मारणारे महाराष्ट्र हे पहिलेच राज्य. शिक्क्यांचा निर्णय झाल्यावर दोनच दिवसांनी, 18 मार्चला, असे शिक्के असलेले चार प्रवासी गरीब रथ गाडीतून जाताना पालघरला उतरवले गेले. शिक्क्याने सहप्रवाशांना सावध केले, हे खरे. पण घरी राहण्याचा अर्थ त्या चौघांपर्यंत पोचला नव्हता, हेही खरे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फलाटावर जे हरवले होते तेच, म्हणजे विश्वासाने समजावून सांगणे, इथेही घाईत निसटले.

23 मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. एका दिवसात हजारावर विमानांची ये-जा पाहिलेल्या या धावपट्टीवर शांतता पसरली. मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने परदेशात अडकलेल्यांना घेऊन येऊ लागली तेव्हा उतरणाऱ्या प्रत्येकाला हॉटेलात विलगीकरण होते. ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर प्रवासाआधी माहिती भरणे आले, विमानतळावरच आरटीपीसीआर चाचणी होऊ लागली. डिसेंबर 2021मध्ये राज्यातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण नोंदला गेला. केप टाउनहून दुबई-दिल्लीमार्गे मुंबईला आलेला हा डोंबिवलीचा तरुण सागरी अभियंता होता. दिल्लीला उतरल्यावर त्याने नमुना दिला होता, म्हणून शोध लागला. 2003चा गोव्याचा रुग्णही जहाजावरचाच. कोकण किनाऱ्यावरची हजारो घरे जहाजांवर चालतात. जग ज्या बंदरांत आजारी पडते तिथून ही माणसे आधी परततात, आणि आपल्याकडची साथ त्यांच्यावरून ओळखली जाते. या खलाशांसाठी वेगळी, सोपी आणि धाक नसलेली आरोग्य मार्गदर्शनाची व्यवस्था सहारला कायम असायला हवी. ही मागणी या पानांवर नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

नोव्हेंबर 2022मध्ये ‘एअर सुविधा’ बंद झाली. मुखपट्ट्या उतरल्या. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी पुन्हा येथून जाऊ-येऊ लागले. 1934चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. त्या वर्षीच्या 25 डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून पहिली विमाने उडाली. तो परिसर उलव्याच्या खाडीकाठचा आहे. आजूबाजूला भराव, पाणथळ जमीन, नवी बांधकामे, मजुरांच्या झोपड्या आणि त्यांच्यापुढे पाण्याने भरलेली निळी पिंपे. आफ्रिकेचे विमान तिथे जेव्हा केव्हा उतरेल, त्याच्या कितीतरी आधी कोणीतरी हातात विजेरी घेऊन त्या 400 मीटरांच्या पट्ट्यात वाकून पाहायला सुरुवात केलेली असावी लागेल. सहारला मात्र नैरोबीच्या विमानाची वेळ झाली की काउंटरवर डॉक्टर येऊन बसतात, पिवळी पुस्तिका उघडतात आणि तारीख वाचतात.